भिंतीवरच्या रेघा

प्रिय मंजू,

पत्र पाहून हसशील. फोन असताना बा कागद काहून काळा करून राह्यला, असं म्हणशील. पण तुझ्या फिलमचं शूटिंग अर्धं टाकून गेल्यापासून तू फोनवर हो-नाहीच्या पुढं बोलत नाहीस, अन् मले सांगायचं ते हो-नाहीत बसत नाही.

आधी तांड्याची खबर. तू गेल्यापासून इथं सगळेच डायरेक्टर झाले. शेजारचा सेवालाल म्हणते, चूक त्याची स्वतःचीच. ऐन सीनमधी त्यानं ट्रॅक्टर सुरू केला अन् आवाजाचा सत्यानाश झाला. तुझी याडी म्हणते, आई असून तिनंच घडीघडी कॅमेऱ्याकडं पाहायले नोको होतं. तुले पाहिजे होतं रोजचं घर, अन् आमी आपले लग्नाले निघाल्यासारखे नवे कपडे घालून उभे! सेवालालचा किशन तर काळा गॉगल लावून बैल हाकून राह्यला होता. तू डोक्याले हात लावून बसलीस, ते आठवलं की अजूनही हसू येते, बाई.

पण त्या चुकांवर तूही हसली होतीस. रडलीस ती भिंतीपायी. आमी ऊसतोडीले गेलो त्या साली तू सात वर्षांची होतीस. तुले शाळेसाठी शेजारी काकूकडं ठेवलं होतं. रोज सकाळी आपल्या बंद घरापाशी येऊन, दाराजवळच्या भिंतीवर तू खिळ्यानं एक रेघ ओढायचीस. तुझी फिलम त्या रेघांवरच होती. अन् तू कॅमेरा घेऊन आलीस तर भिंत निळीशार! घर चांगलं दिसावं म्हणून रंगवलं, असं मी सांगतलं. बा भोळाच आहे, असं सारे म्हणले. तू कॅमेरा गुंडाळलास. जऊळक्याहून गाडी धरून निघून गेलीस. आता तू जिथं ती पाठवणार होतीस त्या स्पर्धेची शेवटची तारीख तीस, अन् तुझी फिलम तशीच पडून आहे.

मंजू, मी भोळा नव्हतो. उन्हाळ्यात तू तुझी वही इथं विसरली होतीस. पहिल्याच पानावर त्या भिंतीचं लिहिलं होतं. मी सातवी शिकलेला माणूस, मले वाचता येते. वाटलं, शहरातले लोक त्या रेघा मोजतील अन् म्हणतील, हा कसला बाप! म्हणून रंगाचा डबा आणून दोन हात मारले. मले लाज वाटली, पोरी. तुझी नाही, माझीच. चुकलो मी.

चार दिवस झाले, मी अन् तुझी याडी खुरप्यानं रंग खरवडून राह्यलो. खिळ्याच्या रेघा खोल आहेत, बुजल्या नाहीत. एकशे बेचाळीस भरल्या. शेवटची अर्धीच आहे. ती पाहून याडीले आठवलं, रेघ ओढता ओढता तुले आमची गाडी दिसली, अन् खिळा तिथंच टाकून तू पळत आलीस. फिलमले शेवट सापडत नाही म्हणत होतीस ना? तुझ्या वहीत ही रेघ नाही. ये, बाई. मी जुनाच सदरा घालतो, अन् सेवालालच्या ट्रॅक्टरची चावी आतापासूनच माझ्या खिशात आहे.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच बा
भाऊसिंग