पॉलिक्सेनीबाईंकडचं पाणी

व्होलोस, ३ मार्च १९९७

ती. एव्हान्थियाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही, म्हणून हा कागद. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला स्मृतिभ्रंश झालेल्यांची सेवा शिकायची असते. मला वृद्धाश्रमातल्या पॉलिक्सेनीबाई नेमून दिल्यात, वय शहाऐंशी. त्या पुरेसं पाणीच पीत नाहीत! पेला पुढे केला की म्हणतात, आधी पाहुण्यांचं होऊ दे. पाहुणे येणार नाहीत हे मी रोज समजावते, रोज त्या रडतात. शुक्रवारपर्यंत नीट प्यायल्या नाहीत तर इस्पितळात नेऊन सलाईन लावणार. अनोळखी जागी त्या आणखीच घाबरतील गं. त्यात शुक्रवारीच त्यांच्याच खोलीत माझी परीक्षा. काय करू?

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
आर्गिरो

माक्रिनित्सा, ५ मार्च

चि. आर्गिरोस अ. उ. आ.

तीन वर्षं शिकून हेच का? अगं, आपल्याकडची यजमानीण पाहुण्याआधी घोट घेईल का? ती बाई रीत विसरलेली नाही, तूच विसरलीस. एप्रन काढून ठेव, दार वाजव आणि पाहुणी म्हणून जा. बसच्या ड्रायव्हरकडे आंबट चेरीच्या मुरांब्याची बरणी दिली आहे. ती तिच्याकडे दे, तिच्या हातून चमचाभर खा, वर पाणी पी, मग तिला आग्रह कर. पाहुणीचा शब्द कोण मोडतं? आणि बरण्या परत पाठवत जा.

जीव लावणारी, पण बरण्या मोजणारी,
आत्या

व्होलोस, ८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले! एप्रन काढून दार वाजवलं, तशा परीक्षेच्या कात्राकीबाई वहीत खरडायला लागल्या. वाटलं, झाले नापास. पण पॉलिक्सेनीबाई लगबगीने उठल्या. मला बसवलं, मुरांबा वाढला, पाणी दिलं. मी प्यायले आणि म्हटलं, आता तुम्ही घ्या, नाहीतर मी निघाले. झालं! दोन पेले संपवले. वर कात्राकीबाईंना दटावलं की दारात उभी राहून काय लिहितेस, बस, तोंड गोड कर. कात्राकीबाई वही मिटून बसल्या. डॉक्टर म्हणाले, आता सलाईन नको.

निघताना माझा हात धरून त्या म्हणाल्या, किती दिवसांनी घरी कुणी आलं गं. आत्या, तीन आठवडे मी रोज त्या खोलीत जात होते. मला तिथेच रडू फुटलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
आर्गिरो