हाक मारायची राहिली

८ ऑक्टोबर १९१८, मंगळवार. जव्हार.

पोचले बाई एकदाची! नाशिकहून छकड्यात बसून येता येता हाडांचा खुळखुळा झाला, पण मोखाडा मागे टाकून पठारावर आले आणि सगळा शीण उतरला. काय हवा आहे इथली! उतारांवर नागली पिकलेली, भात कापणीला आलेलं. मात्र शेतात माणूस दिसत नव्हतं. गाडीवान जिवा म्हणाला, कापायला उठणार कोण, मानमोडीच्या तापाने घरंच्या घरं आडवी केलीत.

दरबाराने दिलेलं घर शिरपामाळाच्या वाटेवर, गावाबाहेर आहे. पूर्वी इथे घोडे बांधत. आता सारवून, पांढरा चुना मारून पोरांसाठी केलंय. ज्यांचे आईबाप तापात पडलेत किंवा गेलेत अशी पाड्यापाड्यांवरची पोरं इथे आणून ठेवलीत. त्यांना ताप नाही. तो लागू नये म्हणून वेगळी ठेवलीत, आणि सांभाळायला मी. स्वयंपाकाला येसू आहे. ती तपकीर ओढते आणि अखंड बोलते. मी आल्या आल्या दिनक्रम ठरवून टाकला: सकाळी आंघोळ, प्रार्थना, मग पाढे, दुपारी गोष्ट, संध्याकाळी कवायत. नाशकात आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली राबले. इथे माझ्या मनासारखं करून दाखवीन.

१० ऑक्टोबर, गुरुवार.

कपाळ माझं! पालथ्या घड्यावर पाणी. प्रार्थनेला पोरं ओठसुद्धा हलवत नाहीत. पाढे म्हणा म्हटलं की माझ्या पायांकडे बघत बसतात. रडतील तर समजूत काढता येईल, पण रडतही नाहीत. ढवळू म्हणून आठेक वर्षांचा आहे, तो दिवसभर भिंतीचा चुना नखाने खरवडतो. सुकरी सगळ्यांत मोठी, दहा-अकराची असेल. तिचे आईबाप दोघेही गेले. सगळी पोरं तिच्या तोंडाकडे बघून वागतात, माझ्या नाही. धाकटी गोदी वांगणीची. तिची आई तापात आहे. जो दिसेल त्याला विचारते, 'माझी आयस उठली का?' मला विचारते, येसूला विचारते, जिवाच्या बैलांनाही विचारून झालं. मी सांगितलं, उठेल हं, तू आधी बेचा पाढा म्हण. ती उठून गेली.

चुकलं का माझं काही? मला तरी काय ठाऊक, तिची आई उठली की नाही!

१३ ऑक्टोबर, रविवार.

आज कळलं, ही पोरं बोलतात. माझ्याशी बोलत नाहीत एवढंच.

दुपारी मागच्या पडवीतून हसणं ऐकू आलं. हसणं! मी आनंदाने धावत गेले आणि बघते तर काय, पोरं मरणाचा खेळ खेळत होती. एकाने घोंगडीवर आडवं व्हायचं. सुकरी ताप होते, हलकेच त्याची मान वळवते, की तो मेला. मग सगळ्यांनी रडायचं, अगदी मोठी बायामाणसं रडतात तसं ऊर बडवून. रडून झालं की भोवती बसायचं, पायांवर पाण्याचे थेंब शिंपडायचे आणि नाव घेऊन हाका मारायच्या, 'उठ रं ढवळ्या, उठ!' आणि ढवळू उठला. त्याला लटकी भाकर भरवली. मग सगळी हसली.

माझ्या अंगावर काटा आला. येसूला म्हटलं, तू हे बघतेस आणि गप्प बसतेस? ती म्हणाली, पोरं खेळतात, खेळू दे, तेवढीच जेवतात तरी. उचलली जीभ लावली टाळ्याला! इकडे माणसं मरताहेत आणि ह्यांना खेळायला तेच सापडलं? मी ताकीद दिली, पुन्हा दिसता कामा नये.

१४ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.

सणाचं म्हणून गूळ आणवला, आपट्याची पानं आणवली. हौसेने पाटी पूजायला मांडली, वळून बघते तर एकही पोर जागेवर नाही. पुन्हा पडवीत तेच. तळपायाची आग मस्तकात गेली. छडी घेऊन गेले आणि सगळ्यांना उधळून लावलं.

आज गोदी आडवी होती. तिच्यासाठी रडून झालं होतं, पोरं पाणी शिंपडत होती. सुकरी माझ्या पायांत आली. आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली: बाई, हाक तेवढी मारू दे, मग मारा आम्हाला. मी म्हटलं, एक अक्षर नाही. ती म्हणाली, गोदी तशीच राहील. मी म्हटलं, राहू दे! आणि गोदीला दंडाला धरून उभी केली.

हट्ट म्हणजे हट्ट. लाडावून ठेवायला मी आले नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

गोदी जेवत नाही. कोपऱ्यात घोंगडीवर पडून असते. ताप नाही, खोकला नाही. अंग मात्र गार. विचारलं तर म्हणाली, 'मी मरलीय. मना कुणी उठवली नाय.' मी हसले, रागावले, गूळ दाखवला. आईचंही विचारत नाही आता.

आणि बाकीची पोरं! तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. येताजाता तिला वळसा घालतात. ढवळूला कान धरून विचारलं, तर म्हणतो गोदी गेली. अरे, गेली काय! समोर पडलीय ती कोण? त्याने वर बघितलं आणि घळघळा रडायला लागला. शिकवून ठेवलंय सुकरीने सगळ्यांना. मी हात टेकले.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.

येसूने गोदीचं ताट वाढलं नाही. विचारलं तर म्हणाली, विसरले. दुपारी पुन्हा तेच. मी चिडून तिला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. गोदीच्या अगदी पुढ्यात उभी राहून ती मला म्हणाली, पोरीला शोधायला हवी हो बाई, रानात गेली असेल.

येसूला खेळ ठाऊक आहे, पण पोरांच्या नादाने नाटक करणारी ती नव्हे. तिच्या डोळ्यांत खरी काळजी होती.

मीच गोदीला पेज भरवली. ओठांवरून ओघळून गेली. तिच्या अंगावर माशीसुद्धा बसत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

जिवा पोती टाकायला आला आणि एक पोतं गोदीच्या अंगावर टाकत होता. मी किंचाळले. तो माझ्याकडेच विचित्र बघत राहिला.

त्याने निरोप आणलाय. वांगणीची ती बाई, गोदीची आई, तापातून उठली. दोनचार दिवसांत पोरीला न्यायला येणार. ताप सगळीकडेच ओसरतोय म्हणे, बाकीच्या पोरांचीही माणसं येतील.

मी धावत गोदीला सांगायला गेले. अगं, तुझी आई उठली! घोंगडी रिकामी दिसली. हाताने चाचपलं तेव्हा गार पाऊल लागलं आणि मग ती दिसली.

मलाही दिसेनाशी होतेय. काय दाखवू मी तिच्या आईला?

२० ऑक्टोबर, रविवार.

सुकरीपुढे हात जोडले. होय, मी जोडले. म्हटलं, खेळा बाई तुमचा खेळ, मारा हाका, माझं चुकलं.

तिने कोपऱ्यात जाऊन गोदीची घोंगडी चाचपली. मग म्हणाली, आता नुसती हाक पोचायची नाही. जागा शिळी झाली. गोदीच्या जागेवर दुसरं कुणी निजलं तर ती उठेल. ढवळू निजतो म्हणाला. मी त्याला मागे ओढलं. एवढंसं पोर! म्हटलं, खेळ मी मोडला, मीच निजते. मला कोण उठवेल ते सांगा. सुकरी म्हणाली, आधी गोदीला उठवू, लगेच तुम्हाला.

उद्या सकाळी, आंघोळीनंतर.

२१ ऑक्टोबर, सोमवार.

गोदी उठली! उठली हो!

मी घोंगडीवर निजले. सुकरीने माझी मान वळवली, हात ऊनऊन होता. पोरं रडली. माझ्यासाठी! मग सगळी गोदीकडे वळली, पाणी, हाका, 'उठ गो गोदी, उठ!' आणि ती शिंकली, उठून बसली आणि भाकर मागितली. खरी भाकर. येसू दारात होती, पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही पडल्या पडल्या रडले. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

मग पोरं माझ्याकडे वळली. सुकरीने पाण्यात बोटं बुडवली.

आणि बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज. माणसांचा गलका. आयस आली, बास आला! एका क्षणात पडवी मोकळी.

जाऊ देत म्हटलं. पोरंच ती. मी आपली उठले, केस सारखे केले आणि बाहेर गेले. गोदीच्या आईला सांगायचं होतं की पोर आजपासून जेवायला लागलीय. ती माझ्या बाजूने निघून गेली. मी हाताला धरलं, तर हात नुसता चोळला तिने, थंडी वाजल्यासारखा.

सगळी मोठी माणसं पोरांना बजावत होती: आजारापायी राहिलेल्या घरातून निघताना मागे बघायचं नाही, हाक मारायची नाही. सुकरीला तिची मावशी न्यायला आली होती. सुकरी 'बाई, बाई' म्हणत हात सोडवत होती. मावशीने दोन ठेवून दिल्या. गोदी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. नीट माझ्याकडे. तिने तोंड उघडलं. आईने त्यावर हात ठेवला.

२२ —

येसू विचारत फिरते, बाई कुठे गेल्या. मी तिच्यासमोर. ओरडून घसा बसला. ती जिवाला म्हणाली, न सांगता नाशिकला गेल्या, मोठ्या लोकांचं असंच.

अगं, मी इथे आहे! मूर्ख बाई, डोळे फुटले का तुझे —

दुपार

घराला कुलूप घातलं. भूक नाही. पेज उरली होती, ती ओठांवरून —

हात गार.

?

कोण येणार आता. पोरं घरी आहेत, आयांच्या कुशीत, बरं झालं. बरंच झालं. पण एकाने तरी — एवढं एकच काम होतं रे —

आई असती तर तिने मारली असती हाक. मागच्या दारातून मारायची, दिवेलागणीला, नावाने, लांबलचक —

मीच मारते. कोण म्हणतं आपली आपल्याला मारता येत नाही. पाणी घेतलंय. पायांवर शिंपडलं. आता नाव घ्यायचं आणि उठायचं.

इथे सगळी मला नुसतं बाई म्हणत. त्याने नाही भागायचं. खरं नाव. आई म्हणायची ते. आता होतं जिभेवर. सोपं आहे, माझंच तर —

उठ गं