शांताबाईंची झोळी

सोलापूर, बुधवार, १९३१

आजही शेजारी शांताबाईंचा वर्ग भरलेला, माझा निम्मा रिकामा. त्यांनी केलंय काय, तर वर्गाच्या तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधलीय. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या मुली धाकट्या भावंडांना तीत निजवतात आणि शिकायला बसतात. मी आपली रोज म्हणते, तान्ह्याला घरी ठेवून ये. घरी कोणाकडे?

माझी हुशार नरसव्वा आज भावाला कडेवर घेऊन तिकडेच जाऊन बसली. विचारलं, तर म्हणाली, "बाई, तुमच्याकडं झोळी न्हाय की."

एका झोळीपायी मला सोडून गेली. दिवसभर नुसती जळतेय.

संध्याकाळी ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं. फाडायला जीव होईना. पण शांताबाईंची झोळी जाडीभरडी आहे. माझी मऊ होईल.