शेवटी उरलेलं शून्य

प्रिय याल्मारी,

बापाला पुरलं आणि तासाभरात तू ओउलूची बस पकडलीस, त्याबद्दल भांडायला हे लिहीत नाही. माझंच डोकं चालेनासं झालंय. तू शिकलेला आहेस, वाच आणि बघ काही उमगतं का.

सौनाच्या न्हाणीबाहेरच्या खोलीत त्याचं कॉम्प्युटरचं यंत्र अजून घुरघुरतंय. मी त्यावर पीठ फुगायला ठेवते, तेवढाच उपयोग. राय धान्याच्या पिठाच्या करंज्या तेरा झाल्या की तो ताटात रांगा लावत बसायचा, आठवतं? दोन-दोनच्या लाव, तीन-तीनच्या लाव, चार-चारच्या लाव, एक उरतेच. "बघ केर्त्तू, तेराचे सारखे वाटेच पडत नाहीत. असले आकडे संपत नाहीत, पण मोठे सापडता सापडत नाहीत." मी म्हणायचे, "मग उरलेली खा आणि विषय मिटव."

तो शोधत होता तो असला आकडा मात्र राक्षसी. दोनाला दोनाने कोट्यवधी वेळा गुणायचं आणि एक वजा करायचा. लिहायला कपाटभर वह्या लागतील म्हणे. त्याच्यासारखे जगभरातले खुळे एकेक आकडा वाटून घेतात आणि यंत्रं महिनाभर त्याचे सारखे वाटे पडतात का ते तपासत बसतात. तू घर सोडताना म्हणालास, "बाबा, तुम्हाला पोरापेक्षा आकडा जवळचा." मग सहा वर्षं दोघंही गप्प.

मार्चात इस्पितळातून रोज फोनवर एकच, "शेवटी काय उरलं?" एरवी कसली तरी लांबलचक आकड्यांची माळ उरायची. एके सकाळी पडद्यावर नुसतं शून्य. महिनाभर राबून शून्य. मरणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, "चालूच आहे अजून. तू सूप पी." दोन दिवसांनी तो गेला.

काल त्या शोधवाल्यांचं पत्र आलं. दुसऱ्या यंत्रावरही पडताळून झालं म्हणे. त्यांचा तपास करंज्यांच्या उलटा, शून्य उरलं म्हणजेच आकडा सापडला. माझ्या ओस्मोने मला हे दहादा सांगितलं असणार, मी कधी ऐकलं? त्याने जन्मभर ज्याची वाट पाहिली ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्याला सूप पी म्हणून सांगत होते. आता हसू की कपाळ बडवू, ते काही कळत नाही.

आणि पाकिटावर नाव तुझं होतं. मला वाटलं, त्यांची चूक असेल, म्हणून फोडलं. चूक नव्हती. तू गेलास त्याच आठवड्यात त्याने ते यंत्र तुझ्या नावावर नोंदवलं होतं. मलाही सांगितलं नाही. आकडा जाहीर करायला आता तुझा होकार हवाय. दे, नाहीतर देऊ नकोस, पण इथे येऊन काय ते सांग. करंज्या मी तेराच करीन. रांगा तू लाव, या वेळी मी बघत बसेन.

तुझीच,
कधीच न ऐकणारी आई