हशासाठी थांबलेली माणसं

सोमवार, ३ फेब्रुवारी २००३, फ्रिस्को

केदारची नोकरी जाऊन दोन महिने झाले. ग्रीन कार्ड आहे म्हणून इथे राहू देतात, एवढंच. दिवसभर सोफ्यावर. काही विचारलं की विनोद! "कंपनीने रेस्ट दिलीय यार, तू पण घे ना." पूर्वी मी हसायचे. आता नुसता थकवा येतो.

पंधरा तारखेला सासूबाई पुण्याला परत जाणार. त्यांना सोबत म्हणून मीही जातेय — असं सगळ्यांना सांगितलंय. परत येणार नाही, हे मात्र कुणालाच नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, वेळ जावा म्हणून लायब्ररीतून एक कॅसेट आणली. ब्रिटिश बोलपट, अगदी सुरुवातीचा, विनोदी. मूळ नाटक होतं म्हणे — दिसतंच आहे. एकच दिवाणखाना, चार दारं. एक आत गेला की दुसरा बाहेर. आवाज खरखरीत. आईंना इंग्रजीचा गंध नाही, तरी खो खो हसत होत्या. माझं डोकं उठलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा तीच कॅसेट! शेवटी विचारलंच — आई, काय कळतं तुम्हाला यातलं?

"काही नाही गं. पण ही नाटकातली माणसं आहेत. बोलून झालं की थांबतात बघ, लोक हसतील म्हणून. इथे कोण हसणार त्यांना? बिचारी थांबतात नि तशीच पुढे जातात. म्हणून मी हसते."

काहीतरीच. पण नंतर मलाही ते थांबणं दिसायला लागलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बॅग भरली. लग्नातले दागिने तळाशी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

जेवताना केदार म्हणाला, "आज इंटरव्ह्यूचा कॉल आला होता. राँग नंबर निघाला." आणि थांबला. माझ्याकडे बघत.

रोजच थांबत असणार. मी कधी वर बघितलंच नव्हतं.

आई हसल्या नाहीत. पानात बघत भात कालवत राहिल्या. मग मी हसले. ओढूनताणून, पण हसले.

केदारने हातातला घास खाली ठेवला आणि रडायला लागला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच. "मला फार भीती वाटते गं," म्हणाला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आई एकट्याच गेल्या.