फळ्यावर नसलेली तारीख

आप्पा, तुम्ही माझी जन्मतारीख खोटी लावलीत हे मला माहीत आहे. का लावलीत ते मात्र अजून धड कळलेलं नाही, आणि आता विचारायचं तरी कोणाला, म्हणून कागद घेऊन बसले. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, चौथीच्या पुढे ते गेलंच नाही. लेक मागे लागली आहे, येत्या चौदा एप्रिलला तुझा पन्नासावा, हॉल घेऊ, केक आणू. फोनवर काढून वाचायलाच लागली, आई, तुझ्या दिवशी बघ जगात काय काय झालंय. मी म्हटलं, बंद कर, मला पाठ आहे. कोणामुळे पाठ आहे ते तिला कुठे माहीत.

कॅम्प चारच्या आपल्या वस्तीत विहाराला लागून वाचनालय होतं आणि त्याच्या बाहेर तो फळा. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायच्या आधी तुम्ही ओल्या फडक्याने फळा पुसायचात, वर ‘आजचा दिनविशेष’ लिहायचात, आणि खाली त्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं ते. मी बाजूला खडूचा डबा धरून उभी. चौदा एप्रिलला पहिली ओळ ठरलेली असायची, सगळ्यात मोठ्या अक्षरात जयंती. त्याखाली मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट, त्याखाली दूरच्या समुद्रात एक मोठं जहाज बर्फाला धडकलं ते. गोदीच्या स्फोटात सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरात पडल्या, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी तोंडावर म्हटलं होतं, ‘काहीतरीच सांगू नका.’ ती गोष्ट पुढे खरी निघाली. जे खोटं होतं त्यावर मी विश्वास ठेवून बसले होते.

शाळेत नाव घालायला गेलो तो दिवस मला आठवतो. हेडमास्तर म्हणाले, ‘तारीख माहीत नसेल तर एक जून टाकतो. निम्मा वर्ग एक जूनचाच आहे.’ तुम्ही म्हणालात, ‘नाही गुरुजी, चौदा एप्रिल.’ ते हसले, ‘तुमच्या वस्तीतल्या तिघांनी आधीच घेतलाय तो दिवस.’ तुम्ही हसला नाहीत. खिडकीबाहेर बघत होतात. मी लहान होते, पण मूर्ख नव्हते. तेव्हाच मनात आलं, माणूस खरं बोलताना समोर बघतो.

मग दरवर्षी तेच. जयंतीला वस्तीतल्या सगळ्या पोरींना नवा फ्रॉक, मलाही नवा फ्रॉक. सगळ्यांना खीर, मलाही खीर. मिरवणूक निघायची, ढोल वाजायचे, पण ते माझ्यासाठी नव्हतं हे कळायचं मला. कोपऱ्यावरचा सिंधी कापडवाला तर दरवेळी म्हणायचा, ‘वाह साईं, एक ही फ्रॉक में दो त्योहार! असली धंदेवाला तो तेरा बाप है, बेटी.’ तो चेष्टा करायचा आणि मला ते पटायचं. मी एकदा हट्टच धरला, फळ्यावर खाली बारीक अक्षरात माझं लिहा. तुम्ही खडू खाली ठेवलात. ‘फळ्यावर बहुतेक गेलेल्यांचं लिहितात. तुला कशाला घाई?’

वर्षातून एकच दिवस तुम्ही फळा कोरा ठेवायचात. जानेवारीत, आई गेली त्या दिवशी. लोक विचारायचे, ‘काय हो, आज इतिहासाला सुट्टी?’ घरी आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायचात आणि मला दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभी करायचात. डोक्यावर हात सपाट ठेवून खडूने रेघ. ‘आईला दाखवू, किती वाढली.’ मग तिच्या गोष्टी. तू नऊ महिन्यांची होतीस तेव्हा ती तापाने गेली, पण तोवर तुला खाली ठेवायची नाही. खिडकीत उभी धरायची, तू रस्त्यावरच्या टांग्यांना हात करायचीस. मी त्या नऊ महिन्यांवर जगले, आप्पा. भांडी घासताना, चुलीपुढे, मार खाल्ल्यावर, तेवढेच माझ्याकडे होते.

मग लग्न होऊन मी बदलापूरजवळ खरवईला आले, आणि माझी लेक झाली तेव्हा आई नाही म्हणून मावशी बाळंतपणाला आली. तुम्हाला तिचं तोंड माहीत आहे, एकदा सुटलं की सुटलं. लेक अंगावर पीत नव्हती, मी रडत होते. मावशी शेगडीत कोळसा सारत म्हणाली, ‘एवढं काय रडतेस? तू तर शेजारणीच्या दुधावर जगलीस. माझ्या बहिणीने तुला बघायला डोळे तरी कुठे उघडले!’

मी विचारलं, ‘म्हणजे? आई जानेवारीत गेली. मी एप्रिलची ना?’

मावशीने चिमटा खाली ठेवला. ‘झालं. उघडलं मी तोंड,’ म्हणाली. ‘हे बघ, तारखा तुझ्या बापाच्या. त्याला विचार.’

तुम्ही झबलं घेऊन आलात तेव्हा मी बसायलाही सांगितलं नाही. ‘आप्पा, मी कधी झाले?’ तुम्ही म्हणालात, ‘चौदा एप्रिल.’ मी म्हटलं, ‘मग मावशी खोटं बोलते?’ तुम्ही लेकीच्या मुठीत बोट घातलंत आणि उठलात. ‘बदलापूरला गाडीची वेळ झाली.’ दारात चप्पल घालताना, पाठमोरे, म्हणालात, ‘पोरीची तारीख नीट लिहून घे. नंतर कोणी बदलायला नको.’ त्यानंतर चार-पाच वर्षं होतात तुम्ही. मी परत विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

म्हणजे ते नऊ महिने मी तिच्या पोटात होते, मांडीवर नव्हते. खिडकी खोटी, टांगे खोटे. एकाच दिवशी मी आले आणि ती गेली, आणि तुम्ही मला उचलून दुसऱ्या तारखेवर ठेवलंत. अशी तारीख निवडलीत की त्या दिवशी सगळी वस्ती हसत असेल, कोणी मला बघून हळहळणार नाही. असं मी चांगल्या मनाने मानते. पण माझं मन नेहमी चांगलं नसतं. मग वाटतं, हे माझ्यासाठी केलंत की स्वतःसाठी? त्या दिवशी फोटोकडे बघताना माझ्याकडे बघणं तुम्हाला जमत नव्हतं म्हणून तर नव्हे? आणि मग ती खडूची रेघ आठवते. फळा कोरा, आणि खडू माझ्या डोक्यावर. पोराची उंची माणूस त्याच्या वाढदिवसाला मोजतो, आप्पा. की हेही मीच जुळवतेय? वाचनालय पाडलं, आपली खोलीही गेली, ती चौकट कोणी जाळलीसुद्धा असेल. पुरावा म्हणून काही राहिलं नाही.

हॉलचं मी लेकीला हो म्हटलं आहे. तिला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हा कागद कपाटात साड्यांखाली ठेवते, पाठवणार कुठे.

एवढंच सांगायचं राहिलं. यंदा जानेवारीत आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि बर्फी आणली. मुलगी झाली की वाटतात ती. घरात म्हटलं, आईला आवडायची. तिला काय आवडायचं, मला काय माहीत. मी माझ्यासाठी आणली होती.