काढून ठेवलेलं चौथं पान

११ फेब्रुवारी १९७४, सोमवार

चौथं पान लावलं नाही. एकशे ऐंशी संच टाचले, एकातही नाही. लिहून ठेवतो. उद्या स्वतःशीच खोटं बोलायला नको.

पंचाक्षरी सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटायला त्यांनी सहा पानांचं टिपण केलं – 'मनही आजारी पडतं'. सायक्लोस्टाइलचं मशीन माझ्याकडे. छापायचं, पानं लावायची, टाचायची. मी चौथी शिकलेला, पण छापतो ते बोट ठेवून वाचतो. चौथ्या पानावर जीव द्यायचं मनात असलेल्या माणसाची लक्षणं होती. झोप उडते. जेवण सुटतं. आवडीच्या वस्तू वाटून टाकतो. मग एकाएकी शांत होतो.

पुढचं वाचवेना. परीक्षा महिन्यावर आलेली आणि असलं अभद्र पोरांच्या हातात द्यायचं? नाही ते डोक्यात शिरायचं! गठ्ठा कपाटावर टाकला. जाळला नाही. अक्षराला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो – जाळायचं कसं?

भाकरी गिळेना.

१२ फेब्रुवारी

सरांनी वरचं पान पाहिलं. चनबसप्पा, छाप सुरेख आलाय, म्हणाले. मी मान डोलावली. चोर!

संच वर्गात वाटून सर कोल्हापूरला गेले, विद्यापीठाच्या कामाला. आठवडाभर नाहीत. बरं झालं. – बरं कसलं?

१४ फेब्रुवारी

दाक्षायणी मशीनच्या खोलीत आली होती. मैंदर्गीची पोर, इथं मावशीकडे राहून शिकते. मला अज्जा म्हणते, म्हणून माझ्या चहातला अर्धा कप तिचा. आज चहाला नको म्हणाली. डोळ्यांखाली काळं.

टिपण पुढं केलं. "अज्जा, तीननंतर एकदम पाच हाय. पाचव्याची सुरुवातच – वरीलपैकी काही दिसलं तर गप्प बसू नका. वर काय होतं?"

शाई सांडली, म्हणालो.

"मला तेच पान पाहिजे होतं की."

गठ्ठा तिच्या डोक्यावर हातभर. मी उठलो नाही.

१५ फेब्रुवारी

झोप नाही.

१६ फेब्रुवारी

सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. तळ्याकाठी टेकलो आणि लगेच उठलो. माझी बायको निंगव्वा गेली तेव्हापासून पाण्याजवळ थांबवत नाही. सत्तावीस वर्षं झाली. विहिरीवर पाय घसरला तिचा. साऱ्या गावाला माहीत आहे.

सोमवारी दाक्षायणीला पान द्यावं का? पण मग शाईचं काय सांगू?

१८ फेब्रुवारी, सोमवार

दाक्षायणीनं मला पेन दिलं! सोनेरी टोपणाचं, ती मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या वडिलांनी घेतलेलं. तुम्ही रोज लिहिता न्हवं, ठेवा, म्हणाली. परीक्षेत कशानं लिहिशील, विचारलं तर नुसती हसली. आज किती शांत दिसली. मलाही हलकं वाटलं. पानाचं बोललोच नाही. घरी येऊन पेन खिशाला लावलं, आरशात बघितलं –

पेन. शांत.

कॉलेजची किल्ली घेतो. पान काढून तसाच तिच्या मावशीकडे जातो.

१९ फेब्रुवारी

कालचं लिहितो.

गुरम्मा, म्हणजे तिची मावशी, उंबऱ्यातच उभी. मी पेनाचं सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी पळत आलाव व्हय? काल नवी शालबी दिली माझ्या पोरीला. शहाणी झाली म्हणा की."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं.

तिथंच पायरीवर बसून गुरम्माला पान वाचून दाखवलं, बोट ठेवून. खालच्या ओळी मीही पहिल्यांदाच वाचल्या. अशा माणसाला एकटं सोडू नका. सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात नवं काही शिरत नाही.

आणि मी!

गुरम्मानं आत हाक मारली. आतून दाक्षायणी आली, तिनं पान माझ्या हातातून घेतलं. उभ्यानं वाचलं, मग भिंतीला टेकून खाली बसली. मी विचारलं. सरळ. मनात आहे का पोरी?

"हाय," म्हणाली. "परीक्षेचं भ्या न्हाय अज्जा. मला कशाचंच काय वाटंना झालंय."

मग रडली. गुरम्मानं तिला कुशीत घेतलं. आता हिला सोडत नाही, म्हणाली. निघताना दाक्षायणीनं विचारलं, पान कोणावर लिहिलंय? माझ्यावर? नाही, म्हणालो. मग कोणावर? मी चपला शोधत राहिलो.

२० फेब्रुवारी

सर परतले. सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. दाक्षायणीला आणि गुरम्माला घेऊन ते आधी डॉक्टरांकडे गेले. दुपारी येऊन मला विचारलं, का काढलं? अभद्र वाटलं, म्हणालो.

"एवढंच?"

एवढंच, म्हणालो.

चौथं पान वर्गात स्वतः वाटलं. एकेकाच्या हातात. मान वर झाली नाही.

२३ फेब्रुवारी

दाक्षायणीनं आज पेन परत मागितलं. अर्धा कप चहा घेतला. मग म्हणाली, "अज्जा, ते पान कोणावर लिहिलंय, सांगितलंच न्हाय तुमी."

सांगितलं. शेवटच्या आठवड्यात निंगव्वानं दोन्ही इरकली लुगडी जावेला देऊन टाकली होती. शहाणी झाली, असं हसून म्हणणारा मीच.

पाय घसरला नव्हता.